पाठदुखी अंगावर काढू नका, मान मोडून घेऊ नका



1 जून ते 31 जुलैची मासेमारी बंदी संपत आली. जाळी दुरुस्त झाली, इंजिनाचं काम उरकलं, बोटींना रंग लागला. पण वर्षभर राबलेल्या पाठीचं आणि मानेचं काय? आपल्याकडे कंबर धरली की गोळी घ्यायची आणि परत बोटीवर चढायचं, हीच रीत. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मानेत सात मणके असतात. मणक्यांच्या मधली गादी वयानुसार सुकते, चपटी होते, कडेला हाड वाढतं. यालाच मानेचा संधिवात किंवा स्पॉन्डिलोसिस म्हणतात. साठीनंतर बहुतेकांच्या एक्स-रेत ही झीज दिसते आणि त्यातल्या पुष्कळांना काही त्रासही नसतो. तेव्हा 'मणके झिजले' म्हटल्याबरोबर माणूस कामातून गेला असं समजू नका.

तीन महिन्यांहून जास्त टिकली तर ती जुनी पाठदुखी. तिला अंथरूण धरणं हा उपाय नव्हे. कंबर भरली तर एक-दोन दिवस विश्रांती ठीक, पण त्याहून जास्त पडून राहिलं की स्नायू ढिले पडतात आणि दुखणं वाढतं. चालणं, शेक आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम यांनी फरक पडतो. हळूहळू, पण पडतो.

दुखण्याच्या गोळ्या रोज घेतल्या तर पोटात व्रण होतात, किडनीवर ताण येतो. बोटीवर ऊन, घाम आणि पाणी कमी, त्यामुळे हा धोका आणखी वाढतो. वर दारू असेल तर विचारूच नका. बीपी, मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी घेऊ नये. सलूनमध्ये कटकन मान मोडून घेणंही बंद करा. त्या झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते.

पुढची लक्षणं दिसली तर थांबू नका:

• जाळं विणताना सुई हातातून सुटते, गाठ पूर्वीसारखी बसत नाही, शर्टाचं बटण लागत नाही, चालताना तोल जातो. मान दुखत नसली तरी आतला मज्जारज्जू दाबला जात असेल.

• पायातली ताकद जाते, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिर वाटतं, लघवी अडते किंवा नकळत होते. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. समुद्रात असाल तर बोट वळवा.

• पाठदुखीबरोबर ताप येतो, वजन घटतं. मणक्याचा क्षयरोग असू शकतो. वेळेत कळला तर औषधांनी बरा होतो.

• तरुण पोराची पाठ सकाळी अर्ध्या तासाहून जास्त ताठ राहते, हालचाल केल्यावर मोकळी होते. हा झिजेचा नव्हे, सुजेचा संधिवात असू शकतो. त्याचं औषध वेगळं.

आधी जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा. गरज पडली तर बांबोळीला गोमेकॉत हाडांचा विभाग आहे.

बोटमालकांना सांगणं एवढंच: भरलेला क्रेट एकट्याला उचलायला लावू नका, दोघांनी धरायचा. गुडघे वाकवून, क्रेट अंगाशी घेऊन उचलायचा. कमरेत पीळ घालायचा नाही, पाय फिरवायचे. जाळं ओढणारे आणि बर्फ भरणारे आलटून-पालटून ठेवा. ओडिशा, झारखंड, कर्नाटकातले खलाशी मजुरी बुडेल या भीतीने दुखणं बोलून दाखवत नाहीत. आपण होऊन विचारा.

मासळी निवडणाऱ्या, कापणाऱ्या भगिनींनी शक्य असेल तिथे उंच टेबल घ्यावं आणि अर्ध्या तासाने उठून मान-पाठ मोकळी करावी. डोक्यावर एक जड पाटी घेण्यापेक्षा दोन हलक्या खेपा बऱ्या.

1 ऑगस्टला बोटी सुटतील. एकदा मोसम सुरू झाला की डॉक्टरकडे जायला कुणालाच सवड नसते. ज्यांना जुना त्रास आहे त्यांनी त्याआधी दाखवून घ्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना हे वाचून दाखवा.