शाईचे डाग आणि हट्टी ड्रॅगन

‘हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन’ म्हटले की २०१० च्या चित्रपटातला काळाभोर, पाठीवर बसवून उडणारा टूथलेस नावाचा ड्रॅगन डोळ्यांसमोर येतो. मूळ पुस्तकातला टूथलेस मात्र चिमुकला, बोळका, खादाड आणि कमालीचा हट्टी आहे. गोष्टीचा नायक, किडकिडीत व्हायकिंग मुलगा हिकप त्याच्याशी ड्रॅगनांच्या भाषेत बोलतो, मनधरणी करतो. त्याच्या टोळीचे ड्रॅगन-प्रशिक्षणाचे पुस्तक मात्र एकच उपाय सांगते: जोरात ओरडा! गंमत आणि मर्म दोन्ही इथेच आहे.

लेखिका क्रेसिडा कॉवेल. लहानपणी त्या सुट्टीत स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या एका निर्जन बेटावर राहत. तिथे वीज नव्हती. हिकपचे बर्क बेट त्यातूनच आले.

२००३ ते २०१५ या काळात मालिकेची १२ पुस्तके आली. चित्रे कॉवेल यांचीच: खरखरीत रेघा, शाईचे डाग, नकाशे, ड्रॅगनांच्या माहितीची पाने. एखाद्या मुलाने वहीत रंगून जाऊन काढावीत तशी. मजकुराला कंटाळणारी मुले या पानांमुळेच पुस्तकात शिरतात. २०१९ ते २०२२ मध्ये कॉवेल ब्रिटनच्या ‘चिल्ड्रन्स लॉरिएट’ (बालसाहित्यातले मानाचे पद) होत्या.

चित्रपट पाहिलेल्या मुलांच्या हाती पहिले पुस्तक जरूर द्यावे. गोष्ट पुष्कळ वेगळी आहे.