सेवेला हिशेबाची जोड

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गाने गुरुग्राम मागे टाकले की अरवलीच्या खुरट्या टेकड्यांच्या आश्रयाने वसलेले मानेसर लागते. एके काळी हे शेतकऱ्यांचे साधे खेडे होते. आज येथे विस्तीर्ण औद्योगिक वसाहत आहे. मारुती मोटारींचा प्रचंड कारखाना येथे आहे, सुट्या भागांचे लहानमोठे कारखाने आहेत आणि पाळी सुटण्याच्या वेळी कामगारांनी फुलून जाणारे रस्ते आहेत. २०२० साली या गावाला स्वतःची महानगरपालिकाही मिळाली.

याच वसाहतीत ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कॉर्पोरेट अफेअर्स’ ही केंद्र सरकारच्या कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाने स्थापन केलेली संस्था आहे. कंपन्यांचा कारभार आणि त्यासंबंधीचे कायदे हा तिचा मुख्य विषय. परंतु कंपन्यांच्या पैशातून समाजसेवेची कामे कशी व्हावीत, ती कोणी करावीत आणि त्यांचा हिशेब कसा राहावा, हाही विषय येथे शिकवला जातो. त्यासाठी या संस्थेने नऊ महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवला आहे. विशेष असे की, ही संस्था स्वतः १२ सप्टेंबर २००८ रोजी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदली गेली. आपल्या तालुक्यातील वाचनालय किंवा महिला मंडळ ज्या कायद्याने जन्माला येते, त्याच कायद्याने हीही जन्मली.

कारखान्यांच्या शेजारी सेवेचे शिक्षण, हे वरवर पाहता विजोड वाटेल. तथापि सेवाभावी संस्थांच्या आजच्या अडचणी ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत, त्यांना ते तसे वाटणार नाही.

एका बालवाडीची हकीगत

माझ्या परिचयाचे एक महिला मंडळ आहे. गाव आणि नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण अशी मंडळे गावोगावी आहेत. बावीस वर्षे या मंडळाने एक बालवाडी आणि एक शिवणवर्ग चालवला. अध्यक्षाबाई कर्तबगार होत्या. देणग्या त्या मिळवीत, पगार त्या वाटीत आणि हिशेब त्यांच्या ध्यानात असे. एका पावसाळ्यात अल्पशा आजाराने त्या वारल्या.

दुःखाचे दिवस सरल्यावर मंडळाच्या स्त्रिया बँकेत गेल्या. धनादेशावर नवी सही चालू करण्यासाठी बँकेने कार्यकारिणीचा ठराव मागितला आणि धर्मादाय कार्यालयातील परिशिष्ट १ चा उतारा मागितला. उतारा काढला, तेव्हा त्यावर पहिल्या कार्यकारिणीचीच नावे निघाली. सातांपैकी तिघी हयात नव्हत्या आणि दोघी गाव सोडून गेल्या होत्या. मधल्या बावीस वर्षांत निवडणुका झाल्या होत्या, पण त्यांची नोंद कोणी केली नव्हती. इतिवृत्ताची वही दोन वर्षांपुरतीच सापडली.

पैसे बँकेत होते, पण ते काढण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. आठ महिने शिक्षिकांना पगार मिळाला नाही. त्यांतील एक नाइलाजाने दुसरीकडे गेली. पुढे न्यायालयातून निवृत्त झालेल्या एका कारकुनाने मनावर घेऊन जुन्या सभांचे कागद जुळवले आणि बदलांचे अर्ज एकामागून एक दाखल केले. या कामाला दीड वर्ष लागले. बालवाडी पुन्हा सुरू झाली खरी, परंतु मधल्या काळातील मुले तिला कायमची मुकली. त्या मुलांच्या आया मजुरीला जात असत.

या हकीगतीत कोणी पैसा खाल्ला नाही, कोणी कोणाला फसवले नाही. सर्वजणी प्रामाणिक होत्या. एवढेच की कायद्याने काय करावयाचे असते, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते.

कायदा काय मागतो?

आपल्या देशात सेवाभावी संस्था मुख्यतः तीन रूपांत असतात: संस्था नोंदणी कायद्याखालील मंडळ, विश्वस्तनिधी आणि कंपनी कायद्याच्या आठव्या कलमाखालील विनानफा कंपनी. यांपैकी पहिले रूप सर्वांत जुने. १८६० चा कायदा इंग्रजी अमदानीतला. पुढे निरनिराळ्या राज्यांनी आपापले कायदे केले. कर्नाटकाचा कायदा १९६० चा आहे, मध्य प्रदेशाचा १९७३ चा आहे आणि ज्या हरियाणात मानेसर आहे, त्या राज्याने २०१२ साली स्वतंत्र कायदा केला. बेळगावचे मराठी मंडळ, इंदूरचे मराठी मंडळ आणि पुण्याचे मंडळ यांचे नियम म्हणून एकसारखे नाहीत. दुसऱ्या राज्यातील संस्थेची घटना पाहून आपली घटना उतरवून काढणे किती धोक्याचे आहे, हे यावरून ध्यानी यावे.

महाराष्ट्रात तर नोंदणी दुहेरी आहे. १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली संस्था ही सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थाही समजली जाते आणि तिला धर्मादाय आयुक्तांकडे दुसरी नोंदणी करावी लागते. न्यायमूर्ती तेंडोलकर समितीच्या शिफारशींनंतर १९५० साली मुंबई राज्याने यासाठी कायदा केला. आज तो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम या नावाने ओळखला जातो. त्यातील तीन गोष्टी प्रत्येक चिटणिसाने पाठ केल्या पाहिजेत. पहिली, विश्वस्तांत किंवा मालमत्तेत बदल झाला की ९० दिवसांच्या आत तो कळवावा. दुसरी, ३१ मार्चला हिशेब बंद करून सहा महिन्यांच्या आत त्याची लेखापरीक्षा करून घ्यावी. तिसरी, संस्थेची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विकू नये. वर सांगितलेल्या मंडळाने यांतील पहिली गोष्ट पाळली असती, तर शिक्षिकांचे पगार एक महिनाही थांबले नसते.

याखेरीज आयकराचे नियम आहेत. करमाफीची नोंदणी पूर्वी एकदा मिळाली की कायमची समजली जात असे. २०२१ पासून ती ठराविक मुदतीची झाली आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरणाचा अर्ज करणे आवश्यक झाले. रोख देणगीवर देणगीदाराला मिळणारी सवलत २०१७ साली दोन हजार रुपयांपर्यंतच मर्यादित झाली. परदेशातून देणगी घ्यावयाची तर केंद्रीय गृहमंत्रालयाकडे नोंदणी हवी. २०२० च्या दुरुस्तीने असा पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील खात्यातच घेण्याचे बंधन आले, तो दुसऱ्या संस्थेस देण्यास मनाई झाली आणि त्यातून व्यवस्थापनावर करावयाच्या खर्चाची मर्यादा निम्म्यावरून वीस टक्क्यांवर आली. अमेरिकेत राहणाऱ्या भाच्याने तेथील आपल्या मित्रांकडून वर्गणी जमवून गावच्या वसतिगृहाला पाठवावी, ही गोष्ट कौतुकाची खरी. परंतु नोंदणी नसताना ती रक्कम स्वीकारणे हा अपराध ठरू शकतो.

आणखी एका कायद्याचा उल्लेख केला पाहिजे, कारण सेवाभावी संस्था त्याकडे हटकून दुर्लक्ष करतात. कामाच्या ठिकाणी स्त्रियांचे संरक्षण करणारा २०१३ चा कायदा दहा किंवा अधिक माणसे काम करीत असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती बंधनकारक करतो. ‘आमची संस्था म्हणजे एक कुटुंब आहे’, हे म्हणणे त्यातून सूट मिळवून देत नाही.

दोन टक्क्यांचा ओघ

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर एक नवे कर्तव्य टाकले. मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकी किमान दोन टक्के रक्कम त्यांनी समाजोपयोगी कामांवर खर्च करावी, असे ते कर्तव्य. १ एप्रिल २०१४ पासून ते अमलात आले. २०२२-२३ या वर्षी देशभर या मार्गाने झालेला खर्च तीस हजार कोटी रुपयांच्या घरात होता आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा होता.

हा ओघ कोणाकडे वाहतो? २०२१ च्या नियमांनी त्याला बांध घातले. ज्या संस्थेला हे काम घ्यावयाचे असेल तिने केंद्र सरकारकडे स्वतंत्र नोंदणी करावी, तिच्याजवळ आयकराच्या दोन्ही मान्यता असाव्यात आणि बाहेरची संस्था असल्यास तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव असावा. ज्यांचे कागद नीट आहेत त्यांनाच हे दार उघडते. शहरातील मोठ्या संस्थांपाशी सनदी लेखापाल असतात, वकील असतात. मेळघाटात किंवा अक्कलकुव्यात काम करणाऱ्या लहान संस्थेपाशी बहुधा एक चिटणीस आणि एक पत्र्याची पेटी असते. गरज तिथे अधिक, पण पैसा मात्र कागद असतील तिकडे जातो. प्रशिक्षणाचे खरे महत्त्व येथे आहे.

कायदा शिकण्याने केवळ बंधने कळतात असे नाही; आपले हक्कही कळतात. एक उदाहरण पाहा. या नियमांत प्रशासकीय खर्चास पाच टक्क्यांची मर्यादा आहे. तिचा आधार घेऊन पुष्कळ देणगीदार संस्थेला सांगतात की, पगार आणि प्रवास मिळून पाच टक्क्यांवर रक्कम देता येणार नाही. वास्तविक ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सर्वसाधारण प्रशासकीय खर्चावर आहे. प्रकल्प आखणे, राबवणे आणि त्यावर देखरेख ठेवणे यांसाठी होणारा प्रत्यक्ष खर्च तीत धरलेला नाही. बालवाडीच्या प्रकल्पात शिक्षिकेचा पगार हाच मुळी प्रकल्प होय. ज्या चिटणिसाला हे ठाऊक आहे, तो नम्रपणे नियम दाखवतो आणि आपल्या शिक्षिकांचे वेतन राखतो. ज्याला ठाऊक नाही, तो मान खाली घालून परत येतो.

कारभाराची शिस्त

कायद्याच्या जोडीला कारभाराचे शिक्षण येते. त्यात गूढ असे काही नाही. आपल्या घरातील जाणती गृहिणी जे करते, तेच चार माणसांनी मिळून करावयाचे आणि लिहून ठेवावयाचे. रोख रक्कम ज्याच्या हाती, त्याने कीर्द लिहू नये. धनादेशावर दोघांच्या सह्या असाव्यात आणि त्या दोन व्यक्ती एकाच घरातील नसाव्यात. कोरा धनादेश सही करून ठेवू नये. पावतीवाचून देणगी नाही आणि प्रमाणकावाचून खर्च नाही. शिवणयंत्रांसाठी आलेला पैसा शिवणयंत्रांवरच खर्चावा. पगार अडला म्हणून तो तात्पुरता वापरणे हीही चूकच. सभेची गणपूर्ती झाली की नाही हे इतिवृत्तात नोंदवावे आणि ते पुढील सभेत वाचून कायम करावे.

सर्वांत अवघड धडा मात्र माणसांविषयीचा आहे. संस्थेचे सारे ज्ञान एका माणसाच्या डोक्यात राहिले, तर त्या माणसाबरोबर संस्थाही जाते. म्हणून कोषाध्यक्षाच्या हाताखाली कोणी तरुण शिकत असावा, कागदपत्रांची यादी दोन ठिकाणी असावी आणि पदे ठराविक काळाने बदलावीत. संस्थापकाला हे रुचत नाही, हे खरे. पण ज्याने रोप लावले त्यानेच सावलीत बसावे असे थोडेच आहे!

शिक्षण कोणत्या भाषेत?

हे ज्ञान देणाऱ्या जागा मानेसरखेरीजही आहेत. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून आणि पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासून समाजकार्याचे शिक्षण देत आल्या आहेत. मुंबईतील ‘सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ फिलान्थ्रॉपी’ ही संस्था १९८६ पासून सेवाभावी संस्थांना कायद्याचे मार्गदर्शन करीत आली आहे.

भाषांतराचे काम करताना मला एक उणीव मात्र सतत जाणवते. केंद्राचे कायदे आणि नियम निघतात ते इंग्रजीत व हिंदीत, आणि ज्यांनी ते पाळावयाचे त्या बायाबापड्या मराठीत विचार करतात. नियमाचा अर्थ त्यांना दलालाकडून कळतो आणि दलाल त्याचे मोल घेतो. तालुक्याच्या ठिकाणी दोन दिवसांचे मराठी शिबिर भरावे, संस्थांनी आपापल्या वह्या घेऊन यावे आणि जाणत्या माणसाने त्या पाहून चुका दाखवाव्यात. मोठ्या इमारतीवाचूनही होण्यासारखे हे काम आहे. निवृत्त कारकून, बँकेतील लोक, तरुण वकील आणि लेखापाल यांनी महिन्यातील एक रविवार दिला तरी ते उभे राहील.

प्रशिक्षणाची ही कल्पना आपल्याला परकी नाही. १९०५ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा नव्या सभासदाला पाच वर्षे शिक्षण घ्यावे लागेल असा नियम घातला. देशसेवेला नुसती तळमळ पुरत नाही, तयारीही लागते, हे त्यांनी त्या काळी ओळखले होते.

‘विश्वस्त’ हा शब्द विश्वासातून आला आहे. कोणी अनोळखी गृहस्थ आपल्या कष्टाचे शंभर रुपये आपल्या पेटीत टाकतो आणि पुढे त्यांचे काय झाले हे पाहायला येत नाही. त्याच्या वतीने आपणच ते पाहावयाचे असते. तेव्हा वाचकांपैकी जे कोणी एखाद्या मंडळाचे, वाचनालयाचे किंवा वसतिगृहाचे पदाधिकारी असतील, त्यांनी या आठवड्यात एवढे करावे. परिशिष्ट १ चा किंवा आपल्या राज्यातील तशा नोंदीचा ताजा उतारा मागवावा आणि त्यावरील नावे वाचून पाहावीत. ती आज काम करणाऱ्या माणसांचीच आहेत ना, एवढी खात्री झाली तरी एखादी बालवाडी बंद पडता पडता वाचेल.