हुकूम, हकीम आणि घोड्याचा लगाम

आज एक शब्द नाही, अख्खं कुटुंबच घेऊन आलोय. हुकूम, हुकूमत, हाकिम, हकीम, हिकमत. पाचही मूळचे अरबी, फारसीच्या वाटेने मराठीत आलेले. एकदा मोठ्याने म्हणून बघा. प्रत्येकात ह, क, म ही तीन व्यंजनं त्याच क्रमाने ऐकू येतील.

अरबीतले बहुतेक शब्द अशा तीन व्यंजनांच्या धातूवर उभे असतात. आपण मराठीत शब्दाच्या शेपटीला प्रत्यय जोडतो. अरबी भाषा व्यंजनं तशीच ठेवते आणि मधले स्वर बदलते, लागलंच तर एखादं अक्षर पुढेमागे लावते. ‘हाकिम’चा साचा म्हणजे ते काम करणारा. त्याच साच्यात क-त-ब घाला, ‘कातिब’ मिळतो, म्हणजे लिहिणारा. ‘किताब’ही त्याच घरातली.

पण सत्ता गाजवणारा हाकिम आणि औषध देणारा हकीम एका घरात कसे?

मला आवडलेलं उत्तर जुन्या अरबी शब्दकोशांत आहे. तिथे ‘हकमा’ म्हणजे लगामाचा घोड्याच्या जबड्याभोवती येणारा भाग. कोशकार म्हणतात, या धातूच्या मुळाशी आवरणं, रोखणं आहे. न्याय करणारा अन्याय रोखतो. शहाणपण माणसाला मूर्खपणापासून रोखतं, म्हणून ते ‘हिक्मा’. आणि हकीम आधी शहाणा, ज्ञानी. वैद्य हा अर्थ त्यातूनच आला. हिब्रू ही अरबीची नातलग भाषा, तिथेही शहाणा माणूस ‘हाखाम’च. आजच्या अरबीत कोर्ट म्हणजे ‘महकमा’ आणि फुटबॉलचा रेफरी ‘हकम’. शिट्टी वाजवून रोखतोच की तो!

मराठीत आल्यावर मंडळींनी आपापले रंग बदलले. हिकमतीतलं गंभीर ज्ञान मागे पडून शक्कल, युक्ती पुढे आली. पत्त्यांत हुकूम बसला, त्यातून ‘हुकमी एक्का’ आला. आणि हुकूमशहा? लगामाच्या धातूतून बेलगाम माणसाचं नाव निघालं, हे मला फारच गमतीचं वाटतं.

एक सावधगिरी मात्र बाळगा. ‘हक्क’ आणि ‘हकीकत’ या कुटुंबातले नाहीत. त्यांच्यातला क अरबीत वेगळं अक्षर आहे, पार घशाजवळून उच्चारला जाणारा. आपण दोन्हींना एकच ‘क’ लिहितो, म्हणून फसगत होते. त्यांचा धातू ह-क-क, त्याचा एपिसोड पुढच्या वेळी.