वॉटर कूलिंग : पाण्याकडून नसत्या अपेक्षा

संगणकाच्या काचेच्या कॅबिनेटमधून फिरणारं निळं-जांभळं पाणी पाहून जो पहिल्यांदा कस्टम लूप, म्हणजे सुटे भाग जोडून पाण्याचं कूलिंग, करायला निघतो, तो खरेदीची सुरुवात बहुतेक वेळा चिपवर बसणाऱ्या ब्लॉकपासून करतो. ब्लॉक दिसायला देखणा, चकचकीत, वर दिवे लागलेले. रेडिएटर म्हणजे काळं जाळीदार खोकं. ते ‘जे बसेल ते घेऊ’ म्हणून यादीच्या तळाशी जातं. गणित इथेच उलटं होतं. पाणी उष्णता संपवत नाही, इकडून उचलून तिकडे नेऊन टाकतं. टाकायची जागा एकच, खोलीतली हवा. आणि ते काम रेडिएटर आणि पंखे करतात. कस्टम लूपबद्दलचे बरेचसे गैरसमज एवढी एक गोष्ट विसरल्यामुळे झालेले आहेत.

गैरसमज : पाणी आलं की गारवा आलाच

आपल्याकडे ही समजूत माठाने पक्की केली आहे. माठातलं पाणी खोलीपेक्षा गार होतं, कारण थोडं पाणी बाहेर पाझरतं, त्याची वाफ होते आणि जाताना ती उष्णता घेऊन जाते. कस्टम लूप बंदिस्त असतो; तिथे वाफेला वाट नाही. त्यामुळे लूपमधलं पाणी खोलीच्या तापमानाखाली कधीच जात नाही, मशीन चालू असताना काही अंश वरच राहतं. नीट जुळवलेल्या लूपमध्ये पूर्ण लोडवर हा फरक दहा अंशांच्या आसपास राहावा, असं धरून चालतात. म्हणजे पुण्यात डिसेंबरच्या रात्री खोली २० अंशांवर असेल तर पाणी ३० अंशांवर. नागपुरात मे महिन्यात एसीविना खोली ४० अंशांवर गेली, तर तोच लूप, तेच भाग, आणि पाणी ५० अंशांवर.

हा आकडा भाग निवडतानाच समोर हवा. सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या डी५ पंपाला पाण्याच्या तापमानाची मर्यादा ६० अंशांची दिलेली असते. पीईटीजी प्लास्टिकच्या कडक नळ्याही त्याच सुमारास नरम पडायला लागतात आणि फिटिंगमधली त्यांची पकड सैल होते. थंड देशांतल्या व्हिडिओंमध्ये २२ अंशांच्या खोलीत जे सहज चालतं, ते विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात काठावर येतं. तिथे राहणाऱ्याने पीईटीजीच्या फंदात न पडता अॅक्रिलिक किंवा रबरी नळी घ्यावी आणि रेडिएटर एक माप मोठा घ्यावा.

मुंबई-कोकणात भीती वेगळी. पावसाळ्यात नळ्यांना घाम सुटेल आणि थेंब मदरबोर्डवर पडतील, असं विचारणारे भेटतात. दव धरतं ते हवेपेक्षा गार असलेल्या पृष्ठभागावर. लूप तर हवेपेक्षा गरम. रिझर्व्हॉयरमध्ये, म्हणजे पाण्याच्या टाकीत, बर्फ टाकला किंवा चिलर जोडला, तरच ही भीती खरी.

आणि खोली? आरटीएक्स ५०९० हे ग्राफिक्स कार्ड ५७५ वॅट घेतं. प्रोसेसरचे दीडशे धरले तर सव्वासातशे वॅट झाले. हवेने थंड करा की पाण्याने, तेवढी उष्णता खोलीतच येणार. दीड टनाचा एसी साधारण ५,३०० वॅट उष्णता बाहेर काढतो. त्यातला सातवा हिस्सा एकट्या संगणकाच्या खात्यावर.

गैरसमज : रिझर्व्हॉयर जितका मोठा तितकं मशीन गार

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४,१८६ ज्यूल लागतात. ५०० वॅटचा लोड म्हणजे सेकंदाला ५०० ज्यूल. रेडिएटर नसता तर ते लिटरभर पाणी दर आठ-साडेआठ सेकंदांना एक अंशाने चढलं असतं, दीड मिनिटाच्या आत दहा अंशांनी. जादा अर्धा लिटर घेऊन मिळते ती मिनिटभराचीही उसंत नाही. खेळ दोन तास चालणार असेल तर तिला काही अर्थ नाही. मोठा रिझर्व्हॉयर पाणी भरायला आणि हवेचे बुडबुडे काढायला सोयीचा पडतो, दिसतोही छान. त्यासाठी घ्यायचा तर जरूर घ्या.

तापमान ठरवतो रेडिएटर. शांत पंख्यांवर चालवायचं असेल तर दर १०० वॅटला एक १२० मिलिमीटरचा पंखा बसेल एवढा रेडिएटर, हा बांधणाऱ्यांचा ठोकताळा. ४५० वॅटचं आरटीएक्स ४०९० आणि दीडशे वॅटचा प्रोसेसर म्हणजे दोन ३६० चे रेडिएटर. आता ते दोन कुठे बसतात हे बघून कॅबिनेट ठरवायचं. उलट क्रमाने गेलात तर वरचा रेडिएटर रॅमला आपटतो, हे पंखे हातात धरून बसल्यावर कळतं. कॅबिनेटच्या माहितीपत्रात ‘३६० बसतो’ एवढंच लिहिलेलं असतं. रेडिएटरची ३० मिलिमीटर आणि पंख्याची २५ मिलिमीटर जाडी मिळून तिथे ५५ मिलिमीटर मोकळे आहेत का, हे फूटपट्टीने बघायचं असतं.

मापांच्या आकड्यांनीही फसायला होतं. २४० आणि २८० यांत फरक चाळीसचाच दिसतो. पण २८० मध्ये १४० चे दोन पंखे असतात. दर्शनी क्षेत्रफळ ३९,२०० चौरस मिलिमीटर भरतं. २४० चं २८,८०० आणि ३६० चं ४३,२००. म्हणजे २८० चा रेडिएटर ३६० च्या जवळचा, २४० च्या नव्हे. जाडीचं मात्र तसं नाही. ६० मिलिमीटरचा रेडिएटर ३० च्या दुप्पट काम करत नाही. हवा त्यातून ढकलायला जोरदार पंखे लागतात, म्हणजे आवाज आला. आणि आवाज नको म्हणून तर बरेच जण या वाटेला आलेले असतात. ज्याला मुळात फक्त शांतता हवी आहे, त्याने हेही जाणून घ्यावं की शांतता पाण्यामुळे येत नाही. ती मोठ्या रेडिएटरवर सावकाश फिरणाऱ्या पंख्यांमुळे येते, आणि पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानाऐवजी पाण्याच्या तापमानावर बांधल्यामुळे येते. पाण्याचा सेन्सर किरकोळ किमतीत मिळतो; तो पहिल्याच खरेदीत घ्यावा.

गैरसमज : आधी प्रोसेसर, मग रेडिएटर, मगच कार्ड

क्रमावरून वाद घालणारे रात्र रात्र जागतात. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल तर ५०० वॅटचं कार्ड ओलांडताना ते जेमतेम १.८ अंशांनी तापतं. सगळ्या लूपमध्ये पाण्याचं तापमान जवळपास सारखंच असतं, तेव्हा ज्या क्रमाने नळ्या कमी आणि सरळ जातील तो क्रम योग्य. नियम एकच, रिझर्व्हॉयर पंपाच्या अगदी आधी आणि त्याच्या वर. पंपाच्या बेअरिंगला वंगण पाण्याचंच असतं; कोरडा फिरला की तो गेला. ‘पाणी हळू फिरलं तर जास्त उष्णता घेतं’ हेही तसंच. प्रवाह मिनिटाला एका लिटरवर आणला तर त्याच कार्डावर पाणी सात अंशांनी तापेल आणि चिप अधिक गरम होईल. उलट दिशेने, मिनिटाला चार लिटरच्या पुढे प्रवाह वाढवूनही हाती फारसं लागत नाही. पहिल्या लूपला दोन पंपांची गरज नाही.

गैरसमज : खरा फायदा प्रोसेसरला

खरा फायदा ग्राफिक्स कार्डाला होतो, हे बऱ्याच जणांना पटत नाही, म्हणून आकडे. रायझन ७००० मालिकेतल्या प्रोसेसरचे कोअर ज्या चकतीवर असतात, ती जेमतेम ७० चौरस मिलिमीटरची. तिच्यावर धातूचं जाड झाकण, त्यावर पेस्ट, मग ब्लॉक. उष्णता त्या चिमुकल्या जागेतून आणि झाकणातूनच अडखळत बाहेर येते. पलीकडे पाणी कितीही चांगलं असलं तरी अलीकडची कोंडी सुटत नाही. शिवाय एएमडीने या मालिकेतले वरचे प्रोसेसर पूर्ण लोडवर ९५ अंशांपर्यंत जातील अशाच बेताने बनवले आहेत. चांगलं कूलिंग मिळालं की ते थोडे जास्त वेगाने धावतात, तापमान तिथेच. कस्टम लूपसाठी लाखभर खर्चून स्क्रीनवर ९५ बघितलं की माणूस ब्लॉक उलटासुलटा करून बसवायला लागतो. ब्लॉकचा काही दोष नसतो.

आरटीएक्स ४०९० ची चिप ६०० चौरस मिलिमीटरहून मोठी. तिच्यावर झाकण नाही, ब्लॉक थेट चिपवर बसतो. पाण्याचा लाभ इथे पुरेपूर मिळतो. नुसता प्रोसेसर थंड करायचा असेल तर चांगला एअर कूलर किंवा तयार बंद लूप घ्यावा. कस्टम लूप करायचाच तर ग्राफिक्स कार्डासाठी करावा, असं माझं मत.

आता खरेदीतली सगळ्यांत महागडी चूक. ‘४०९० चा ब्लॉक’ अशी वस्तू नसते. एकाच चिपची कार्डं वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या बोर्डांवर बनवतात. भाग इकडेतिकडे असतात, उंच-बुटके असतात. ब्लॉक एका विशिष्ट कंपनीच्या विशिष्ट मॉडेलसाठी कोरलेला असतो. म्हणून आधी ब्लॉक बनवणाऱ्याची यादी बघायची, आपल्या बाजारात ब्लॉक मिळतोय याची खात्री करायची, आणि मग त्यात बसणारं कार्ड घ्यायचं. सवलतीत मिळालं म्हणून भलतंच कार्ड उचललं तर पुढे त्याचा ब्लॉक कुठेच नाही, असं होतं. कार्ड उघडल्यावर वॉरंटीचं काय होतं, तेही पैसे देण्याआधी लेखी विचारून घ्यावं.

गैरसमज : तांबं काय, अॅल्युमिनियम काय, धातूच तो

ब्लॉक बहुतेक तांब्याचे किंवा निकेलचा मुलामा दिलेल्या तांब्याचे. ऑनलाइन निम्म्या किमतीत मिळणारे रेडिएटर पुष्कळदा अॅल्युमिनियमचे. दोन्ही एकाच पाण्यात आले की त्या पाण्यातून बारीकशी बॅटरीच तयार होते आणि त्यात अॅल्युमिनियम झिजत जातं. पाणी गढूळ होतं, पांढरट साका ब्लॉकच्या केसासारख्या बारीक खाचांत जाऊन बसतो, आणि अखेर रेडिएटरला भोक पडतं. ‘तयार बंद लूपमध्येही अॅल्युमिनियमचा रेडिएटर आणि तांब्याचा ब्लॉक असतो की,’ असं कोणी म्हणेल. असतो. पण तो कारखान्यात गंजरोधक घालून सील केलेला असतो, आणि काही वर्षांनी अख्खा बदलायचा या हिशेबानेच विकलेला असतो. आपला लूप आपण दर वर्षी उघडणार, धुणार, पुन्हा भरणार. सगळीकडे तांबं, पितळ आणि निकेल, एवढंच ठेवावं. माहितीपत्रात रेडिएटरचा धातू लिहिलेलाच नसेल तर तो अॅल्युमिनियमचा समजावा.

नवा कोरा रेडिएटरही थेट जोडायचा नसतो. आत डाखकामाचा फ्लक्स आणि धातूचा चुरा राहिलेला असतो. कोमट पाणी अर्धं भरून, तोंडं बंद करून, दोन-चार मिनिटं दणकून हलवावं आणि पांढऱ्या बादलीत ओतावं. पहिल्या पाण्यात काळे कण आणि कधी निळसर झाक दिसते. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच करायचं, आणि शेवटची धुणी डिस्टिल्ड पाण्याची.

पाणी कोणतं? घरच्या आरओचं नको. बऱ्याच आरओ यंत्रांत चवीसाठी क्षार राखून ठेवतात किंवा पुन्हा मिसळतात. डिस्टिल्ड पाणी आणि त्यात गंजरोधक व शेवाळरोधक, हा मिश्रणाचा साधा आणि स्वस्त मार्ग. तयार कूलंट घेतलं तरी चालतं. दुधी, मोतिया रंगाच्या कूलंटचा मोह पहिल्या लूपमध्ये टाळावा. त्यातले कण तळाला बसतात आणि ब्लॉकच्या खाचा बुजवतात. अॅक्रिलिकचा ब्लॉक पुसायला स्पिरिट वापरू नका, त्याने बारीक तडे जातात.

गैरसमज : हे कूलंट वीजवाहक नाही, सांडलं तरी चालेल

बाटलीत असेपर्यंत ते खरं असतं. लूपमध्ये फिरताना पाणी धातूंचे आयन उचलतं आणि महिन्या-दोन महिन्यांत वीज वाहून नेऊ लागतं. तेव्हा भरवसा कूलंटवर नको, जोडांवर हवा. दुसऱ्या टोकाची समजूत अशी की पाणी आणि वीज एकत्र आणणंच मूर्खपणा. पुण्याच्या आयसर संस्थेतला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक पाण्यावरच थंड होतो. अर्थात अॅपलने २००४ साली द्रव-शीतलनाचे पॉवर मॅक जी५ विकले आणि त्यांतले काही पुढे गळाले, हेही तितकंच खरं.

गळतीचं खरं कारण बहुतेक वेळा मापांचा घोळ असतो. जी १/४ हे आट्यांचं माप, आणि ते जवळपास सगळीकडे सारखंच. त्याचा नळीशी संबंध नाही. नळीची मापं वेगळी : मऊ नळी १०/१३, १०/१६ किंवा १३/१९ मिलिमीटर, म्हणजे आतला आणि बाहेरचा व्यास, कडक नळी १२, १४ किंवा १६ ची. फिटिंग त्याच मापाचं हवं. १०/१३ च्या फिटिंगवर १०/१६ ची नळी आत बसते, पण वरची चकती फिरत नाही. काही जण पक्कड लावून ती फिरवतात आणि त्या जोडातून पहिला थेंब येतो.

फिटिंगचा हिशेबही आधीच करावा. प्रोसेसर ब्लॉक, कार्डाचा ब्लॉक, दोन रेडिएटर आणि पंप-रिझर्व्हॉयरची जोडी म्हणजे पाच भाग, प्रत्येकाला दोन तोंडं, दहा फिटिंग. कोपरे वळवायला काटकोनी तुकडे वेगळे. एकेक स्वस्त वाटतं, पण बेरीज ब्लॉकच्या किमतीला सहज भिडते. मऊ नळीने पहिला लूप करणाऱ्याचे काटकोनी तुकडे वाचतात, आणि नळी कापायला चुकली तर नुकसान वीतभर नळीचंच. रबरी इपीडीएम नळी घेतली तर पीव्हीसीसारखी ती काही महिन्यांत दुधाळ पडत नाही.

पाणी भरून पहिली चाचणी घेताना मदरबोर्ड आणि कार्डाला वीज द्यायची नाही. एसएमपीएसला जंपर लावून फक्त पंप चालवायचा, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवायचा आणि रात्रभर चालू द्यायचं. हवेच्या दाबाने तपासणारा छोटा पंपही मिळतो. त्यात पाणी भरण्याच्या आधीच गळती कळते. दाबाचा काटा अर्ध्या तासात खाली आला तर जोड एकेक करून पुन्हा बघायचे. ते साधन मित्रांत मिळून एक घेतलं तरी पुरतं.

यादीत शेवटचं, आणि पहिल्या खेपेला हमखास राहून जाणारं : लूपच्या सर्वांत खालच्या जागी एक टी-फिटिंग आणि कॉक. तो नसेल तर वर्षभराने पाणी बदलताना ग्राफिक्स कार्डाच्या डोक्यावरची नळी उघडावी लागते.