भिंग रस्त्याकडे होतं तेव्हा

‘सहभागींनी स्वतःचे कॅमेरे गाडीत बसवू नयेत. चित्रीकरणाचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील.’ मद्रासजवळच्या इरुंगट्टुकोट्टैच्या ट्रॅकवर हौशी चालकांसाठी भरणाऱ्या एका ट्रॅक-डेचं हे सूचनापत्र भाच्याने माझ्यापुढे धरलं. गाडी आपली, पेट्रोल आपलं, टायर झिजणार तेही आपलेच. चित्र मात्र त्यांचं! यथावकाश आयोजकांची फीत आली. तिच्यात दणदणीत गाणं होतं, हेल्मेटमधून दिसणारे डोळे होते, वर केलेला अंगठा होता. आमचा भाचा पहिल्या वळणाआधी ब्रेक कुठे दाबतो, एवढं सोडून बाकी सगळं होतं.

गंमत म्हणजे फॉर्म्युला वनच्या शर्यतीत गाडीतून झालेल्या पहिल्या थेट प्रक्षेपणाला 2025 मध्ये चाळीस वर्षं झाली. 4 ऑगस्ट 1985 रोजी न्युर्बुर्गरिंगच्या जर्मन ग्रां प्रीमध्ये रेनोने तिसरी गाडी उतरवली. फ्रान्स्वा एस्नो ती चालवत होता आणि तिच्यावरचा कॅमेरा शर्यत चालू असतानाच चित्रं पाठवत होता. गाडी थोड्याच फेऱ्यांत बंद पडली, पण व्हायचं ते होऊन गेलं. त्याआधीची लांबण लावत नाही. 1956 साली माइक हॉथॉर्नने डी-टाइप जॅग्वारवर कॅमेरा बांधून, सायकलवाल्यांना आणि ट्रकना चुकवत, तोंडाने वर्णन करत ल मांची फेरी मारली. 1966 साली फ्रँकनहायमरने ‘ग्रां प्री’ चित्रपटासाठी अवजड कॅमेरे गाड्यांवर चढवले. हे सगळं तिकडचं.

इकडे मद्रासला तेव्हा शोलावरम होतं. महायुद्धातली धावपट्टी, तिच्यावर गवताचे भारे मांडून केलेली वळणं आणि लोटलेली गर्दी. गाडीत कॅमेरा ठेवायचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तिथले किस्से सांगणारी म्हातारी मंडळी अजून भेटतात आणि दर वर्षी त्यांचा वेग थोडा वाढलेला असतो. पुरावाच नाही, मग काय! 1990 मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टैला 3.7 किलोमीटरचा खराखुरा ट्रॅक झाला आणि शोलावरम संपलं. पुढची चार-पाच वर्षंही मी गाळतो. आमचं खरं दशक 1995 ते 2005.

आम्ही मद्रासजवळच्या आवडी गावचे. सत्तरच्या दशकात नगरच्या व्हीआरडीई या लष्करी वाहनांच्या संशोधन संस्थेतलं रणगाड्यांचं काम इथे आलं आणि त्याच्यामागे नगरकडची मराठी घरंही आली. आमच्या गावाचा व्यवसायच चाचणीचा. गाडी बनवायची, खड्ड्यांतून पिटाळायची, काय थरथरलं आणि काय तुटलं ते मोजायचं. सोमवार ते शनिवार कॅमेरा हा शब्द फाटकाबाहेर ठेवून आत जाणारी माणसं रविवारी पहाटे पूनमल्लीमार्गे ट्रॅकवर जायची आणि मारुती एस्टीममध्ये हँडीकॅम बांधायची. हँडीकॅम बर्मा बाजारातला. पावती मागायची पद्धत तिथे नव्हती.

बांधायचा कसा, हे शिकण्यात आमचं बरंच आयुष्य गेलं. पहिल्यांदा सगळेच स्पंज आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या लावतात. कॅमेऱ्याला धक्का लागू नये, ही माया! होतं उलटंच. गाडी एकीकडे, कॅमेरा दुसरीकडे आणि चित्र दारू प्यायल्यासारखं. कॅमेरा गाडीचाच एक भाग व्हायला हवा, म्हणजे डॅशबोर्ड स्थिर दिसतो आणि हलतो तो फक्त रस्ता. अंबत्तूरच्या एका लेथवाल्याकडून रोल केजच्या, म्हणजे गाडीतल्या संरक्षक सांगाड्याच्या, नळीवर घट्ट बसणारा दोन तुकड्यांचा क्लॅम्प करून घेतला. मध्ये रबराचा पातळ पापुद्रा, तोही क्लॅम्प नळीवर सरकू नये म्हणून. तळाच्या पाव इंची स्क्रूवर कॅमेरा भोवऱ्यासारखा फिरतो, म्हणून वरून दुसरा आधार. शिवाय पोलादी तारेचा फास, कारण धडक झाली की सुटलेला किलोभराचा कॅमेरा चालकाच्या मानेवरच येणार. गाड्या तपासणाऱ्या अधिकाऱ्यांशी आमचं अनेकदा वाजलं, पण त्या तारेबाबत त्यांनी दाखवलेला कडकपणा शंभर टक्के योग्य होता.

मग कॅमेऱ्याची समजूत काढायची. ऑटोफोकस बंद, नाहीतर तो पुढच्या काचेवर चिरडलेल्या किड्यावरच नजर लावून बसतो. उजेडाचं गणितही हाताने, नाहीतर अंधाऱ्या केबिनला भुलून तो बाहेरचा रस्ता पांढराफटक करून टाकतो. कंप घालवणारी सोय बंद. माइकवर पट्टी. एवढं करूनही चाक कर्बवर चढलं की टेपचं हेड उडायचं आणि नेमकं वळणाच्या मधोमध चित्र फाटायचं.

पण उरायचं ते सोनं होतं. भिंग चालकाच्या खांद्यामागून पुढे बघायचं, त्यामुळे हात, स्टीअरिंग, गिअर आणि रस्ता एकाच चौकटीत. रात्री आमच्याकडे टीव्हीसमोर सगळा गोतावळा जमायचा, तमिळ मित्र धरून. ‘मच्चान, पूर्ण थ्रॉटल होता’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्याची फेरी लागायची आणि पहिल्या वळणाच्या कितीतरी आधी इंजिनाचा आवाज खाली यायचा. डोळ्यांना दिसत नाही ते कान पकडतात. टायर वाईट, सेटिंग वाईट, ट्रॅकवर वाळू... नाचता येईना अंगण वाकडं या म्हणीची चित्रफीतच! स्टॉपवॉच घेऊन दोन फेऱ्या एकामागून एक लावल्या की कुठे वेळ जातो ते कळायचं. तो बहुधा ब्रेकवर जात नसे, ब्रेक सोडून पुन्हा थ्रॉटल द्यायला घाबरण्यात जायचा. प्रशिक्षक परवडत नव्हते. टेप परवडत होती.

एक जुना हिशेब इथेच चुकता करतो. आमच्या एका मित्राला मागून धडक बसली आणि दोष त्याच्यावरच लावला गेला. आम्ही टेप घेऊन गेलो. निकाल देणाऱ्या साहेबांनी ती लावूसुद्धा दिली नाही. ‘टीव्ही बघून न्याय करायचा का?’ म्हणाले. आज शर्यतीचे निकाल देणारे स्टुअर्ड गाडीतलं चित्र स्वतःहून मागवतात. साहेब निवृत्त झाले. मित्राचा त्या शर्यतीतला क्रमांक मात्र गेला तो गेलाच.

त्या दशकात एक भाबडेपणाही होता. मारुतीच्या इंजिनावर स्वस्तातली एकआसनी गाडी बांधून मध्यमवर्गातल्या पोरांना शर्यतीत आणणारे कोइंबतूरचे करिवर्धन 1995 मध्ये विमान अपघातात गेले. पण ‘आपण घरी बनवू’ ही त्यांची खुमखुमी आमच्या क्लॅम्पपर्यंत झिरपली होती. 2005 मध्ये त्यांच्याच गावचा नारायण कार्तिकेयन जॉर्डन संघाच्या गाडीतून फॉर्म्युला वनमध्ये उतरला आणि त्याच्या गाडीवरून दिसणारा रस्ता आम्ही घरबसल्या पाहिला. आमचं दशक तिथे संपलं. टेपांना मद्रासच्या दमट हवेत बुरशी धरली, त्या लावायची यंत्रंही भंगारात गेली.

पुढचं भराभर सांगतो. 2010 च्या आसपास गोप्रोचे एचडी कॅमेरे आले, काचेला चिकटणारी रबरी वाटी आली आणि आमची लेथवरची विद्या निकालात निघाली. त्याचं दुःख नाही. ज्याला त्याला कॅमेरा मिळाला हे चांगलंच झालं. खटकलं ते नंतरचं. 2018 च्या हीरो 7 ब्लॅकपासून सॉफ्टवेअर चित्राला अशी इस्त्री करू लागलं की कर्बवरचा हादरा शोधून सापडेना. गाडी घसरतेय आणि चित्र गालिच्यावरून चाललंय. त्याच सुमारास भिंगही हळूच मागे वळलं. रस्ता सोडून ते चालकाच्या तोंडाकडे बघू लागलं.

2025 मध्ये जोसेफ कोसिन्स्कीचा ‘एफ 1’ हा सिनेमा आला तेव्हा पोरं ब्रॅड पिटचा चेहरा वेगात कसा थरथरतो यावर खूश होती. सिनेमात ते ठीक आहे, तिथे नटच विकायचा असतो. खऱ्या फॉर्म्युला वनमध्ये मात्र कॅमेरा हेल्मेटच्या आत, चालकाच्या डोळ्यांशेजारी जाऊन बसला आणि तिथून पुढेच बघतो. ज्यांना शिकण्यासारखं फारसं उरलेलं नाही त्यांचं भिंग रस्त्याकडे, आणि ज्यांना वळणही धड घेता येत नाही त्या आमच्या पोरांचं स्वतःच्या थोबाडाकडे!

म्हणून ते सूचनापत्र झोंबलं. सुरक्षेसाठी कॅमेरा नको म्हणा, मान डोलावीन. क्लॅम्प तपासा, तार ओढून बघा, वजनाची मर्यादा घाला. पण हक्क कसले सांगता? आणि स्वतःच चित्रीकरण करणार असाल, तर संध्याकाळी प्रत्येकाच्या हातात त्याच्या सगळ्या फेऱ्या ठेवा. न कापलेल्या, बिनगाण्याच्या, इंजिनाच्या आवाजासकट. अंगठा वर केलेला चेहरा आईबापांना पाठवायला ठेवा. ब्रेक कुठे दाबला ते ज्याने दाबला त्याला बघू द्या, फीचे पैसे त्याने मोजलेत.