रॅनबॅक्सी घेतली म्हणजे नेमकं काय घेतलं?

एक औषध कंपनी दुसरी विकत घेते तेव्हा कारखान्यातली यंत्रसामग्री त्या सौद्यात दुय्यम असते. पैसे मोजले जातात ते परदेशी मंजुऱ्यांचे, डॉक्टरांच्या हातात बसलेल्या ब्रँडचे आणि तयार वितरण जाळ्याचे, कारण ते शून्यातून उभं करायला वर्षं जातात. मुंबईच्या सन फार्माने १९९७मध्ये अमेरिकेतल्या कॅराकोत गुंतवणूक केली आणि २०१०मध्ये इस्रायलच्या टॅरोचा ताबा मिळवला, ते याच हिशेबाने. सनने २०१४मध्ये जाहीर केलेला रॅनबॅक्सी या औषध कंपनीचा सौदा कर्जासह सुमारे ४ अब्ज डॉलरचा होता. आता कुणी म्हणेल, हीच कंपनी २००८मध्ये जपानच्या दाइची सांक्योनेही घेतली होती. तिच्या पदरी काय पडलं? त्याच वर्षी अमेरिकेने रॅनबॅक्सीच्या दोन कारखान्यांतल्या औषधांची आयात रोखली आणि २०१३मध्ये गुन्हा कबूल करून कंपनीने ५० कोटी डॉलर भरले. मंजुरीचा कागद हस्तांतरित होतो, तसा गुणवत्तेतला गोंधळही होतो. सनला सौदा स्वस्तात मिळाला, त्याचं एक कारण हेच.

मक्तेदारीचा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण तो कंपनीच्या एकूण आकारावरून नव्हे, एकेका औषधावरून तपासायला हवा. भारतीय स्पर्धा आयोगाने तेच केलं: सात औषधं विकण्याची अट घातली. त्यात प्रोस्टेटच्या रुग्णांसाठीचं सनचं ‘टॅमलेट’ होतं. ही औषधं पुण्याच्या एमक्युअरने घेतली.