मार्टिनी-हेन्रीची खरी ओळख

ब्रिटिश फौजेने १८७१ मध्ये स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री, म्हणजे दर बाराला एकेक काडतूस भरायची रायफल, संग्राहकांची लाडकी. पण तिच्यावरचा शिक्का हा काही पक्का पुरावा नव्हे. उजव्या अंगाला मुकुट, ‘व्हीआर’ ही राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरे आणि साल कोरलेले असते. खैबर खिंडीतल्या कारागिरांनी तेच शिक्के ठोकून हुबेहूब नकला केल्या. कधी शिक्क्यातले ‘एन’ अक्षर उलटे पडते, कधी ‘व्हीआर’खाली १९०१ नंतरचे साल दिसते, आणि राणी तर त्याच वर्षी जानेवारीत वारली. शिक्के चोख असतील तर शंका कशाला, असे कुणी म्हणेल. शंका हवीच, कारण अस्सल सांगाड्यावर परकी नळी चढवलेली असू शकते. म्हणून नळीतले सात आटे मोजावेत.

अशी रायफल झाडूच नये, हे मत मला पटत नाही. ८५ ग्रेन काळी दारू आणि ४८० ग्रेनची शिशाची गोळी यांचा दाब पेलण्यासाठीच ती घडली. मात्र आधी जाणकार कारागिराकडून तपासणी हवी, आणि आधुनिक धूरविरहित दारू कधीच नको. काळ्या दारूची राख ओल धरून पोलाद खाते, तेव्हा त्याच दिवशी नळी पाण्याने धुवून, कोरडी करून तेल लावावे. खैबरची नक्कल मात्र भिंतीवरच ठेवावी.